बोट आपली, पॉलिसी कुणाची?

सोमवार ते शुक्रवार मी हिंजवडीत कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी 'बोटमालक' असतो. ऐकायला एकदम कूल वाटतं ना? ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये या एका वाक्यावर माझी दोन वर्षं वट होती! खरं सांगायचं तर बोट अर्धी माझी आणि अर्धी देवबागच्या माझ्या मामेभावाची. पैसे माझे, समुद्र त्याचा. डॉल्फिन दाखवायचे, ऑफिसचा ग्रुप आला की अख्खी बोट दिवसभरासाठी भाड्याने द्यायची, आणि गिऱ्हाईक हटूनच बसलं तर बनाना राइड.

विमा? होता की! मीच काढला होता. कारचा काढतो तसाच. तीन कोटेशन्स मागवली, सगळ्यात स्वस्त उचललं, पीडीएफ मेलमध्ये टाकून मोकळा. दादा म्हणाला होता, "देव आसा मां! विमो कित्याक होयो?" तेव्हा मला वाटलं होतं, आपण किती जबाबदार आहोत बुवा.

मग गेल्या डिसेंबरात बनाना राइडवरून पाण्यात पडलेल्या एका मुलाचा खांदा निखळला. हॉस्पिटलचं बिल झालं ४८ हजार. मी टेचात म्हणालो, "टेन्शन नाही, पॉलिसी आहे!" आणि त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा ती पीडीएफ उघडून वाचली.

बोट फक्त मालकाच्या खासगी विहारासाठी, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. भाड्याने द्यायची असेल तर कंपनीची मंजुरी आधीच हवी. पुढे आणखी एक गंमत. बोटीमागे दोरीने ओढल्या जाणाऱ्या माणसाला इजा झाली, तर ती जबाबदारी वगळलेली! बनाना राइड म्हणजे दुसरं काय असतं, बॉस?

४८ हजार आमच्या खिशातून गेले. मुलाचे वडील भले माणूस निघाले. त्यांनी वकील गाठला असता, तर माझ्या फ्लॅटचं डाउन पेमेंट त्या खांद्यावरच गेलं असतं. बरं, कंपनीला शिव्या घालायचीही सोय नव्हती. या अटी मूळच्या लंडनच्या विमा बाजाराच्या, १९८५ सालच्या. वाचायच्या राहिल्या होत्या त्या माझ्याच.

या वर्षी मी मरीन विमा करणारा ब्रोकर गाठला. त्याने प्रीमियमचा विषयच काढला नाही. बोट कोण चालवतो? परवाना कुणाच्या नावावर? माणसं किती बसवता, आणि खरंच तेवढीच बसवता? शेवटच्या प्रश्नाला दादाने खिडकीबाहेर पाहिलं.

ब्रोकरने समजावलं ते असं. बोटीचा विमा हा सोपा भाग. किंमत आधीच ठरवून पॉलिसीत लिहून घ्यायची, म्हणजे नंतर घासाघीस नको. आऊटबोर्ड इंजिन निसटून पाण्यात पडलं तर सहसा पैसे मिळत नाहीत, हेही तेव्हाच कळलं (दादाने त्याच संध्याकाळी इंजिनाला साखळी घातली). पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर असते, तो काळ पॉलिसीत वेगळा दाखवला की प्रीमियममध्ये सूट मागता येते. खलाशांची भरपाई ही आणखी वेगळी बाब, तीही घेतली.

खरा प्रश्न प्रवाशांचा. २४ मे २०२२ ला आमच्या शेजारीच, तारकर्लीजवळ, स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. आपली बोट बुडाली तर नुकसान किती, ते आपल्याला माहीत असतं. माणूस गेला तर आकडा कोर्ट ठरवतं. नदी-खाडीतल्या यांत्रिक बोटींना तर २०२१ च्या कायद्याने विमा सक्तीचाच केलाय. म्हणून आम्ही बोटीच्या रकमेत थोडी काटकसर केली आणि प्रवाशांच्या जबाबदारीची मर्यादा वाढवून घेतली. कागदावर 'भाडेतत्त्वावर' हा शब्द आहे ना, हे मी तीनदा तपासलं!

एक अट मात्र दादाला झोंबली. १९६३ च्या मरीन इन्शुरन्स कायद्याप्रमाणे पॉलिसीतली हमी शब्दशः पाळावी लागते. परवानाधारक तांडेलच बोट चालवील असं लिहून दिलं आणि एक दिवस पुतण्याच्या हाती सुकाणू दिलं, तर त्या दिवसापासून कंपनी मोकळी. अपघाताचा त्या पुतण्याशी काही संबंध नसला तरी! पुतण्या आता तिकिटं फाडतो.

आणि बनाना राइड? ती कव्हर करायला एकच कंपनी तयार झाली, पण तिने सांगितलेला प्रीमियम ऐकून आम्ही दोघंही चहा प्यायला बाहेर पडलो. ते पिवळं केळं सध्या मांगरात हवा काढून पडलंय. सीझनचे चांगले पैसे त्यातच होते, त्यामुळे दादा दर वीकएण्डला फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो, "काय म्हणता रे तुझो ब्रोकर?"