चरणजित सिंग यांची तबकडी

चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एलपी १९८२मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित झाली. एचएमव्हीने ती बाजारात आणली, पण खपली नाही. ॲसिड हाउस हे नृत्यसंगीत १९८७च्या सुमारास शिकागोत नावारूपाला आले हे सर्वमान्य असूनही, त्याच्या इतिहासात आज या तबकडीचा उल्लेख टाळता येत नाही. त्याला कारण तिच्यात वाजलेला एक रुपेरी डबा.

सिंग (१९४०–२०१५) हे चित्रपटसंगीतातले वादक. बास गिटार, व्हायोलिन, ट्रान्झिकॉर्ड आणि पुढे सिंथेसायझर घेऊन शंकर-जयकिशन यांच्यापासून आर. डी. बर्मन यांच्यापर्यंत अनेकांच्या वाद्यवृंदांत ते बसले. अशा वादकांना नाव क्वचितच मिळे. गाणे सगळ्यांना पाठ, वाजवणारा कोण ते कुणाला ठाऊक नसे. ‘कुर्बानी’ (१९८०) आणि ‘डिस्को दीवाने’ (१९८१) यांनी डिस्कोची लाट आणली आणि स्टुडिओत रोज तोच ठेका घुमू लागला. सिंग यांनी पुढे मुलाखतींत सांगितले त्याप्रमाणे त्यांची कल्पना साधी होती. ठेका ठेवायचा, तबल्याला सुट्टी द्यायची आणि वर राग वाजवायचा.

साधने तीन, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. ज्युपिटर-८ हा एका वेळी आठ स्वर देणारा कीबोर्ड, टीआर-८०८ हे ठेक्याचे यंत्र आणि टीबी-३०३ बासचे. ३०३ची कथा सर्वांत मजेशीर. तादाओ किकुमोतो यांनी रचलेले हे यंत्र १९८१च्या सुमारास आले ते एकट्याने वाजवणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून. बास गिटारसारखे ते मुळीच वाजत नसे. शिवाय त्यात स्वर वेगळे आणि त्यांची लय वेगळी अशी दोनदा भरावी लागे. जरा गफलत झाली की भलतीच सुरावट हाती येई. १९८४मध्ये उत्पादन थांबले. सुमारे १०,००० नग तेवढे निघाले.

या डब्यात ध्वनी निर्माण करणारा स्रोत एकच. त्याचा खरखरीत आवाज फिल्टरमधून बाहेर पडतो. फिल्टरने वरचा आवाज कुठे कापायचा हे एक नॉब ठरवतो, कापल्या जागी आवाजाला धार आणायचे काम दुसरा करतो. यंत्र चालू असताना हे दोन नॉब फिरवले की तीच सुरावट गुरगुरते, मग किंचाळते. प्रत्येक स्वराला दोन खुणाही करता येतात, जोराची आणि घसरणीची. घसरणीची खूण केली की स्वर न तुटता पुढच्यावर ओघळतो, आणि मींड कानात मुरलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचे वाटते. (३०३च्या सुरावटीत सोळा घरे असतात आणि तीनतालालाही सोळा मात्रा, पण त्यावरून सिद्धान्त रचण्यात अर्थ नाही. ही घरे म्हणजे चार ठोक्यांचे प्रत्येकी चार तुकडे.)

पाश्चात्त्य पॉपमध्ये बासला कॉर्डमागे धावावे लागते. रागाला कॉर्ड नाही, त्यामुळे ३०३ला एकच छोटी सुरावट घोळवत राहण्याची मोकळीक मिळते. तबल्याच्या एकल वादनात लेहरा जे काम करतो तेच इथे यंत्र करते. वर ज्युपिटरवर स्वरवाक्ये आणि ताना मोकळ्या धावतात. सिंग यांचे खरे कर्तृत्व या जुळणीत आहे. राग म्हणून मात्र ही रेखाटनेच आहेत. यंत्राचे बारा स्वर समान अंतरांनी कापलेले, तेव्हा तोडीचा अतिकोमल गांधार मिळणार कुठून? विस्ताराला वाव नाही. पहाटेचा ललित, संध्याकाळचा यमन आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच ठेक्यावर जेमतेम पाच-पाच मिनिटांत उरकतात.

इकडे उत्पादन थांबल्यावर अमेरिकेत ३०३ जुन्या वाद्यांच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागला. डीजे पिएर, स्पँकी आणि हर्ब जे या शिकागोच्या तिघांनी असाच एक घेतला आणि तो वाजत असताना नॉब फिरवत बसले. मार्शल जेफरसन यांच्या देखरेखीखाली त्यातून ‘ॲसिड ट्रॅक्स’ तयार झाले आणि १९८७मध्ये ‘फ्यूचर’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्याआधी म्युझिक बॉक्स या क्लबमध्ये रॉन हार्डी या डीजेने ते एकाच रात्रीत चारदा लावले. पहिल्यांदा लोक बाजूला झाले. चौथ्यांदा बेभान नाचले, असे पिएर सांगतात.

सिंग यांची एलपी २००२मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात सापडली. त्याने सिंग यांचा मुंबईत शोध घेतला आणि २०१०मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’तर्फे ती पुन्हा काढली. त्यावर आधी शंका निघाली, की ही बनवाबनवी असावी आणि तिच्यामागे एफेक्स ट्विन हा ब्रिटिश संगीतकार असावा. मुंबईच्या एका वादकाला हे सुचले असेल, यापेक्षा ती अफवा पटायला सोपी गेली! शंका फिटली तसे दुसरे टोक गाठले गेले. सिंग ॲसिड हाउसचे जनक ठरले.

दोन्ही म्हणणी टिकत नाहीत. मुंबईची तबकडी शिकागोच्या मुलांनी ऐकल्याचा कसलाही पुरावा नाही. ३०३ सिंग यांच्या एकट्याच्या हातीही नव्हता. ‘हेवन सेव्हंटीन’ या ब्रिटिश गटाच्या १९८२च्या ‘लेट मी गो’मध्ये तो वाजतो. मुख्य फरक ऐकण्यातून कळतो. शिकागोत नॉब फिरवणे हेच गाणे आहे, तर सिंग यांच्याकडे मान रागाला आहे आणि यंत्र साथीला. एकाच यंत्राचे दोन ठिकाणी, एकमेकांना न ठाऊक असलेले, दोन वेगळे उपयोग झाले, एवढाच निष्कर्ष निघतो.

अखेरच्या वर्षांत सिंग यांनी हेच राग युरोपच्या मंचांवर वाजवले. जुलै २०१५मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांची तबकडी वाचली ती एका परक्या संग्राहकाच्या नजरेमुळे. त्या पिढीच्या वादकांच्या घरी अजून एलपी, टेप किंवा स्वरलेखनाच्या वह्या असतील, तर रद्दीत घालण्याआधी त्या एकदा जाणकाराला दाखवाव्यात.