डेस्कटॉपची घडण : विचारणे आणि शिकणे

संगणक चालू करताच पडद्यावर जी मांडणी उभी राहते तिला डेस्कटॉप म्हणतात. लिनक्सवर चालणाऱ्या मुक्तस्रोत डेस्कटॉपांपैकी केडीई या प्रकल्पाची घोषणा १९९६ साली झाली आणि ग्नोमची १९९७ साली. दोहोंचाही मूळ प्रोग्रॅम कोणालाही वाचता येतो व आपल्या गरजेप्रमाणे बदलता येतो. परंतु बदलण्याची मोकळीक असणे ही एक गोष्ट, आणि प्रत्यक्ष बदल करता येणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर नवशिक्याने जाणत्याला विचारून तोडावे की स्वतः खटपट करून, हा येथील विचाराचा विषय आहे.

स्वाध्यायाचा पक्ष घेणारे लोक जुन्या परंपरेकडे बोट दाखवितात. युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली. प्रत्येक आज्ञेचे नाव, तिचे रूप, तिचे वर्णन आणि शेवटाकडे तिच्यातील उणिवा, असा तिचा क्रम होता. तो बव्हंशी अद्यापि टिकून आहे. (आपल्या कृतीतील दोष कर्त्यानेच तिच्याशेजारी नोंदवावे, ही चाल इतर शास्त्रांनीही उचलण्यासारखी आहे.) अशी पुस्तिका यंत्रातच असता दुसऱ्याला कशाला विचारावे, असा हा युक्तिवाद. तो खरा आहे, पण पुरता नव्हे. पुस्तिकेत शोधावयाचे तर शोधावयाच्या वस्तूचे नाव आधी ठाऊक असावे लागते, आणि नवशिक्याला नेमके तेच ठाऊक नसते.

मराठी वाचकाच्या परिचयाचेच एक उदाहरण घेऊ. एखाद्या अभ्यासकाने ग्नोम डेस्कटॉप इंग्रजीत ठेवला आहे. लेखन मात्र तो मराठीत करतो. पडद्यावर त्याला ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची दिसतात. दोन पाकळ्यांच्या ‘ल’च्या जागी उजवीकडे उभा दंड असलेला ‘ल’ येतो. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे. कोणते वळण उमटवावयाचे ते मजकुराची भाषा व फाँट यांवरून ठरते. तेव्हा दोष कोठे आहे?

एवढे शोधून काढणे अभ्यासकाच्या आवाक्यात आहे. यंत्रणेत मराठीची भाषा-मांडणी बसवून तोच लेखन-प्रोग्रॅम एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत उघडावा. मराठीत उघडल्यावर अक्षरे मराठी वळणाची झाली, तर फाँट निर्दोष आहे आणि भाषेची निवड चुकते आहे, हे सिद्ध होते. दोन्ही वेळा वळण हिंदीच राहिले, तर त्या फाँटात मराठी रूपे नसण्याचा संभव अधिक. मग दुसरा फाँट घेऊन हाच प्रयोग पुन्हा करावा. यासाठी कोणाला विचारण्याचे कारण नाही. किंबहुना हे न करता विचारलेला प्रश्न उत्तर देणाऱ्याला समजतच नाही, कारण मराठी न जाणणाऱ्या साहाय्यकाच्या डोळ्यांना दोन्ही ‘ल’ सारखेच वाटणार.

यापुढची पायरी मात्र निराळी आहे. भाषेची निवड चुकते, पण ती करतो कोण? ग्नोमच्या प्रोग्रॅमांत हे काम पँगो नावाचा एक घटक करतो. वापरणाऱ्याची भाषा इंग्रजी असून मजकूर देवनागरी असला, तर त्या लिपीसाठी पँगो एक नमुनाभाषा गृहीत धरतो, आणि देवनागरीची त्याची नमुनाभाषा हिंदी आहे. वापरणाऱ्याने आपल्या पसंतीच्या भाषांची यादी ‘पँगो_लँग्वेज’ या परिवेश-चलात इंग्रजी व त्यामागून मराठी अशी लिहून ठेवली, म्हणजे हे गृहीतक बदलते. हे सर्व पँगोच्या दस्तऐवजात लिहिलेले आहे. परंतु पँगो हे नाव पडद्यावर कोठेही दिसत नाही. जाणत्याच्या तोंडचा तो एक शब्द अभ्यासकाचे कित्येक दिवस वाचवितो. अशा ठिकाणी विचारण्यात कमीपणा मानणे हा निव्वळ हट्ट होय.

उलट बाजूचा धोका याहून मोठा आहे. पुष्कळदा साहाय्य म्हणून तयार आज्ञा हाती येते आणि ती जशीच्या तशी उतरवून घेतली जाते. वरील उदाहरणात कोणी ‘लँग्वेज’ हे दुसरे चल सुचवील. पँगो तेही वाचतो. परंतु प्रोग्रॅमांतील यादीपट्ट्यांची भाषाही त्याच चलावर अवलंबून असल्यामुळे अनपेक्षित ठिकाणी बदल होण्याचा संभव राहतो. कारण न कळलेली आज्ञा मागे कशी घ्यावी हेही कळत नाही. ग्नोमच्या बहुतेक मांडण्या डीकॉन्फ नावाच्या द्विमान संचिकेत साठतात. ती साध्या मजकुराप्रमाणे उघडून वाचता येत नाही, त्यामुळे काय बदलले याची स्मृतीही उरत नाही. केडीईच्या बऱ्याचशा मांडण्या साध्या मजकुराच्या फाइलींत असतात, एवढी तेथे सोय आहे.

तयार उत्तरे शिळीही होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ग्नोम ४५ मध्ये विस्तारक लिहिण्याची पद्धतच बदलली आणि त्यापूर्वीचे विस्तारक दुरुस्तीवाचून चालेनासे झाले. ज्याने दुसऱ्याचा विस्तारक नुसता उतरवून घेतला होता त्याला पुन्हा याचना करणे भाग होते. ज्याने तो वाचून समजून घेतला होता, त्याला बहुधा आरंभीच्या काही ओळी बदलून काम भागविता आले.

काही प्रश्नांचे उत्तर मात्र कोणत्याच पुस्तिकेत शोधण्यात अर्थ नसतो. २०११ साली आलेल्या ग्नोम ३ मध्ये खिडकी लहान करण्याचे बटण मूळ मांडणीतून काढण्यात आले. ते परत कसे आणावे हे एका मांडणीचे नाव कळताच साध्य होते. ते का काढले, हे त्या चर्चेत असलेल्यांनाच विचारावे लागते.

पँगोचा उपाय करूनही अभ्यासकाला केडीईच्या प्रोग्रॅमांत ‘ल’ हिंदी वळणाचाच दिसण्याचा संभव आहे, कारण ते क्यूटी या निराळ्या पायावर उभे आहेत आणि पँगोचा उपयोग करीत नाहीत. एका ठिकाणचे कारण समजलेले असल्यामुळे आता तो नेमका प्रश्न विचारू शकतो : क्यूटीमध्ये देवनागरी मजकुराची भाषा कोण ठरवितो?