दिवाळीच्या यादीत शेवटचं नाव कुणाचं?

हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचं दसऱ्याचं प्रदर्शन पाहून झालं, सोयाबीनच्या राशी झाल्या, की वसमतपासून सेनगावपर्यंत घराघरांत एक यादी सुरू होते. सासऱ्यांना धोतर, सासूबाईंना लुगडं, जावयाला कापड, नणंदेला साडी, भाच्यांना ड्रेस... यादी करणारी घरातली बाई, पैसे मोजणारे कारभारी आणि "हे काय आणलं बाई?" असं म्हणायला अख्खा गोतावळा मोकळा!

मैत्रिणींनो, ही यादी आपण कशी करतो, हे कधी नीट पाहिलंय का? आधी मान पाहतो, मग किंमत. "गेल्या साली तिनं आपल्याला काय दिलं होतं?" हे आठवायचं, तेवढ्याच पैशाचं परत करायचं आणि मोकळं व्हायचं. घ्यायचं कुणासाठी, त्या माणसाला काय हवंय, हा विचार राहूनच जातो. म्हणून तर एकच ब्लाउज पीस चार घरं फिरून पाचव्या वर्षी आपल्याच कपाटात येऊन बसतो आणि टॉवेल-टोपीचे गठ्ठे ट्रंकेत तसेच पडून राहतात.

आपल्याकडे दिवाळीचा खर्च पगारावर नाही, पिकावर चालतो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि हाताशी आलेलं सोयाबीन कित्येकांच्या शेतातच सडलं. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरलेला होता, पण सरकारी खरेदी सुरू झाली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. सणाला पैसा हवा म्हणून व्यापारी देईल त्या भावात माल घालावा लागतो, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको. अशा पैशातून घेतलेली साडी ट्रंकेत पडून राहिली तर जीव तुटतो. "ऋण काढून सण करू नये" असं जुनी माणसं म्हणायची, ते उगीच नाही.

मग काय करायचं? यादी करायचीच, पण प्रत्येक नावापुढे वस्तू लिहिण्याआधी त्या माणसाचा दिवस डोळ्यांपुढे आणायचा.

सासऱ्यांकडे धोतरं चार असतील, पण पहाटे बाहेर जाताना अंगावर घ्यायला धड शाल नसेल. सासूबाईंना जरीचं जड लुगडं आता पेलवत नसेल. मऊ सुती नऊवारी त्यांना जास्त सुखाची. कारभाऱ्यांचं पाहा. शेतीची लाईट रात्रीची, हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला त्यांना रात्री-बेरात्री जावं लागतं. त्यांना नव्या शर्टपेक्षा चांगली बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट द्या. साप-विंचवाची धास्ती तुम्हालाही कमी होईल. "सणाला बूट देतात होय?" असं कुणी हसलं, तर हसू द्या.

पुण्या-मुंबईला राहणाऱ्या जावेला इथून साडी पाठवायची, तर तिच्यापुढे तिथली दुकानं पडलेली असतात. तिला वसमतची हळद द्या. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. उन्हाळ्यात शिजवून वाळवलेली हळकुंडं आपल्या गिरणीवर दळून, स्वच्छ बरणीत भरून दिली, तर तिच्या डब्यात वर्षभर आपली आठवण राहील. सोबत बचत गटाच्या बायकांकडचा फराळ घेतला, तर दोन घरांची दिवाळी होते.

घरात दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल, तर तिच्या फ्रॉकच्या पैशातून थोडे बाजूला काढा. पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं अडीचशे रुपयांत उघडता येतं. एका मुलीच्या नावानं एकच खातं असतं. ते आई-वडिलांना उघडता येतं आणि पुढे आजी, मामा, आत्या यांनी दिवाळीला त्यातच भर घालायची. फ्रॉक वर्षात तोकडा होतो, हे खातं मात्र मुलीबरोबर वाढत जातं.

भाऊबीजेचंही तसंच. मुराळी पाठवून बहिणीला माहेरी आणायचं, तिनं ओवाळलं की ताटात साडी ठेवायची, ही आपली रीत. साडीला ना कोण म्हणेल? पण बहीण शिवणकाम करत असेल, तर दोघा-तिघा भावांनी मिळून तिला शिलाई मशीन घेऊन दिलं, तर किती कामाला येईल! 22 सप्टेंबर 2025 पासून मशीनवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, हेही लक्षात असू द्या.

आता थोडं अवघड बोलायचं. या यादीत एक नाव नेहमी खाली असतं. विधवा जाऊ, विधवा नणंद, घरात राहणारी एखादी आत्या. तिच्यासाठी आणलेली साडी ओळखू येते. रंग फिका, काठ नसल्यासारखा, पोत बेताचा. आणलेलीही सगळ्यांचं झाल्यावर, उरलेल्या पैशात. बाकीच्या जणींना साडी कुंकू लावून, ओटी भरून मिळते. हिच्या हातात मात्र पिशवी दिली जाते, तीही आतल्या खोलीत. ती काही बोलत नाही. पण तिला रंग आवडत नाहीत, असं कुणी ठरवलं?

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली. लगेच त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढलं आणि बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हाच कित्ता गिरवावा, असं आवाहन केलं. पण असे ठराव खरे उतरतात ते घरातल्या चौकटीच्या आत. आपल्याला ग्रामसभा बोलवायची गरज नाही. दुकानात नेताना तिला बरोबर न्यायचं आणि "वैनी, तुम्हाला कोणती आवडली?" एवढंच विचारायचं. तिनं हिरवी उचलली तर हिरवी, काठापदराची उचलली तर काठापदराची. मग सगळ्यांच्या देखत, सगळ्यांसारखीच हातात द्यायची. तिला टिकली लावायची की नाही, हे तिचं तिनं ठरवावं. रंग मात्र आपण हिरावून घ्यायला नको. म्हातारी माणसं पहिल्या वर्षी कुरकुर करतील. दुसऱ्या वर्षी त्यांच्या अंगवळणी पडेल.

आणि आणखी एक नाव तर बहुतेक याद्यांत नसतंच. यादी करणारीचं स्वतःचं! "मला काय करायचंय, मागच्या वर्षीची आहे की" असं म्हणत आपणच आपलं नाव गाळतो. 2024 च्या ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार कित्येकींच्या खात्यावर जमा होऊ लागले. त्यातले बहुतेक शाळेच्या फीमध्ये, किराण्यात, दवाखान्यात गेले. गेले ते कारणी लागले. पण पाडव्याला ओवाळणीत "काय पाहिजे?" असं विचारलं, तर "काही नको" म्हणू नका. जड पाट्यापायी कंबर दुखत असेल, तर मिक्सर मागा. डोळ्याला धाग्याची सुई दिसत नसेल, तर चष्मा मागा. मागितलं म्हणून बाई हावरी ठरत नाही.

यंदा यादी लिहायला बसाल, तेव्हा एक करून बघा. कागद तोच, पैसे तेवढेच, पण सुरुवात खालच्या नावापासून करा. आधी वैनीची साडी, मग तुमची गरज आणि त्यानंतर मानापानाचे आहेर. पैसे संपलेच, तर एखादा टॉवेल-टोपी कमी होईल. तेवढ्यानं कुणाची दिवाळी अडत नाही.