इअरफोनची पारख

बैल विकत घ्यावयाचा झाला, तर आमच्या वालूरचा शेतकरी त्याचे दांत पाहतो, खांदा चाचपतो, चार पावलें चालवून पाहतो. शिंगांच्या रंगावर भुलत नाहीं. परंतु त्याच घरांतील मुलगा कानांत घालावयाचे इअरफोन आणण्यास सेलूच्या बाजारांत गेला, म्हणजे खोक्यावरील चित्र आणि किंमत यांपलीकडे कांहीं पाहत नाहीं. प्रस्तुत लेखकाची हीच गत झाली. सुट्टींत साठविलेले आठशें रुपये देऊन आणलेल्या इअरफोनांतून पं. भीमसेन जोशी यांचा अभंग ऐकूं लागलों, तों पखवाजाच्या घुमाऱ्यांत गाण्याचे शब्दच बुडून गेले! शेजारच्या मित्राच्या निम्म्याहून कमी किमतीच्या इअरफोनांत मात्र तेच शब्द स्वच्छ उमटले. असें कां व्हावें, याचा जो शोध घेतला, तो वाचकांपुढें ठेवितों.

आमच्या गांवच्या चक्राकार बारवेंत उतरून हांक मारावी, तर ती घुमून परत येते. आपल्या कानाचें छिद्र ही अशीच एक चिमुकली विहीर आहे. तिचें एक तोंड उघडें, तळाशीं कानाचा पडदा, आणि खोली सुमारें अडीच सेंटिमीटर. घागर भरत आली म्हणजे आंतील हवेचा स्तंभ आंखूड होतो व तिचा आवाज चढत जातो, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच न्यायानें ही आंखूड विहीर सेकंदास सुमारें तीन हजार कंपनांच्या स्वरांना विशेष उठाव देते. इअरफोन घालतांच विहिरीचें तोंड बंद होतें आणि हा नैसर्गिक उठाव बदलतो. तो यंत्रानें भरून काढावा लागतो. परंतु प्रत्येकाच्या कानाची घडण निराळी असल्यामुळें एकास जें गोड वाटतें, तेंच दुसऱ्यास कर्कश भासतें. म्हणून मित्रानें केलेली स्तुति ही आपल्या कानाची साक्ष नव्हे.

पहिली पारख बसण्याची. इअरफोनबरोबर लहान, मध्यम व मोठ्या अशा रबरी टोप्या मिळतात. टोपी सैल राहिली, तर फटींतून खर्जाचे स्वर निसटतात आणि आवाज पोकळ होतो. कित्येकजण एवढ्यावरूनच यंत्रास दोष देतात. तिन्ही टोप्या घालून पाहाव्या. दोन्ही कानांस वेगवेगळ्या लागल्या, तरी त्यांत नवल नाहीं.

दुसरी गोष्ट किमतीची. सन २०१७ मध्यें ब्रेबार्ट या संशोधकानें २८३ हेडफोनांची मापें तपासलीं. खर्ज, मध्य व तार स्वरांचा तोल आणि किंमत यांचा परस्परसंबंध त्यास आढळला नाहीं. अर्थात् महागाचें तें सुरेल, हा समज निराधार होय. अमेरिकेंतील हार्मन कंपनीचे शॉन ऑलिव्ह व त्यांचे सहकारी यांनीं अनेक श्रोत्यांवर प्रयोग केले. बहुसंख्यांस साधारण एकच तोल आवडला. परंतु कांहींना खर्ज अधिक, तर कांहींना कमी हवा होता. तेव्हां आपण कोणत्या वर्गांत मोडतों, हें आधीं ओळखावें.

तें ओळखण्यास आपल्या परिचयाचें गाणेंच उत्तम. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर तार आणि घोडी यांमध्यें सुताचा धागा सरकवीत कान देऊन बसतो. नाद खुलला कीं थांबतो. तसेंच आपण करावें. पखवाजाचा घुमारा भरदार, पण आटोपशीर आहे काय? गाणाराचा शब्द त्यावर तरंगतो काय? टाळांचा किणकिणाट आणि तंबोऱ्याची जवारी स्पष्ट असूनही कानास टोंचत नाहींत ना? या तीन प्रश्नांत खर्ज, मध्य व तार या तिहींची परीक्षा होते. दोन इअरफोन ताडून पाहतांना आवाज मात्र सारखा ठेवावा. कारण जो मोठ्यानें वाजतो, तोच क्षणभर सरस वाटतो. शिवाय हलक्या आवाजांत खर्ज आपणांस कमी ऐकूं येतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ मध्येंच दाखविलें आहे.

घेतलेली वस्तु मनाजोगती निघाली नाहीं, तरी लगेच टाकूं नये. मोबाइलमधील इक्वलायझरनें खर्ज थोडा उतरवितांच माझ्या इअरफोनांतील अभंगाचे शब्द पुष्कळसे वर आले. पैसे थोडे असल्यास तारेचे इअरफोन घ्यावे. त्यांत बॅटरीचा खर्च नसतो. तत्पूर्वीं आपल्या मोबाइलला ती तार जोडतां येते कीं नाहीं, हें पाहून घ्यावें.

शेवटीं एक इशारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकण्यास हरकत नाहीं. परंतु तो ९० वर नेला, तर मर्यादा अवघी चार तासांची राहते. अंतःकर्णांतील सूक्ष्म पेशी एकदां नष्ट झाल्या, म्हणजे पुन्हां उगवत नाहींत. इअरफोन बिघडला, तर दुसरा आणतां येतो. कान मात्र कोणत्याच बाजारांत मिळत नाहीं. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, वस्तु घेण्यापूर्वीं ती कान देऊन पारखा, आणि घेतल्यावर त्याच कानांस जपा.