राखेखालचा संसार

प्राचीन नगरांचे अवशेष पाहावयास निघालेला मनुष्य बहुधा भग्न खांबांची व ढासळलेल्या देवालयांची कल्पना मनाशीं बाळगून जातो. राजे कोणते झाले, लढाया कोणत्या झाल्या, एवढेंच तेथें विचारावयाचें असतें. इटलींतील पाँपी नगराच्या फरसबंद रस्त्यावर पाऊल ठेवतांच मात्र हे प्रश्न मागें पडतात. येथें स्वयंपाक कोठें होत असे, पाणी कोठें सांठवीत, देवापुढें दिवा कोण लावी, असें आपण विचारूं लागतों; आणि आश्चर्य हें कीं, या प्रश्नांचीं उत्तरें देण्यास घरें तेथें उभीं आहेत.

इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट झाला. प्रथम वजरीच्या दगडासारख्या हलक्या, सच्छिद्र खड्यांचा पाऊस पडला, व मागाहून तप्त राख आणि वायु यांचे लोट नगरावर आले. आखाताच्या पलीकडून हा प्रकार सतरा वर्षांच्या धाकट्या प्लिनीनें पाहिला, व पुढें टॅसिटस या इतिहासकारास लिहिलेल्या पत्रांत तो वर्णिला. त्याचा मामा थोरला प्लिनी आरमाराचा अधिकारी होता. लोकांस वांचविण्यास तो गलबतें घेऊन गेला व तिकडेच मरण पावला. ही घटना ऑगस्टच्या २४ तारखेची असें पुष्कळ काळ मानीत. परंतु २०१८ सालीं एका भिंतीवर १७ ऑक्टोबरचा निर्देश असलेला कोळशाचा लेख सांपडल्यापासून अनेक विद्वानांचा कल शरद्ऋतूकडे वळला आहे. खोदकामास १७४८ त आरंभ झाला, आणि हेंच पाँपी अशी खात्री एका शिलालेखावरून १७६३ त पटली. नगराचा विस्तार सुमारें ६६ हेक्टर असून त्याचा जवळजवळ तृतीयांश भाग अद्याप मातीखालीं आहे.

रस्त्यांत गाड्यांच्या चाकोऱ्या दगडांत खोल उमटल्या आहेत. चिखलांत पाय न भरतां पलीकडे जातां यावें म्हणून मधून मधून उंच दगड बसविले आहेत, व चाकें जावीं एवढीं अंतरें त्यांत राखलीं आहेत. श्रीमंतांच्या घरांतील मधला चौक, वरून उघडें छप्पर, खालीं पावसाचें पाणी धरणारें कुंड, भोंवतीं खोल्या, ही रचना आपल्याकडील चौसोपी वाड्यांत वाढलेल्या मनुष्यास परकी वाटणार नाहीं. घरोघरीं कुलदेवतांचें लहानसें देवघर असे व त्याच्या भिंतीवर रक्षणकर्ते सर्प चितारलेले असत. एका घराच्या उंबरठ्याशीं रंगीत खड्यांच्या फरशींत कुत्र्याचें चित्र काढून पाहुण्यास सावध केलें आहे. एका भट्टींत तर १८६२ सालीं कोळसा झालेल्या ८१ भाकऱ्या सांपडल्या; आठ आठ वाटे पडावे म्हणून आंखलेल्या त्यांवरील रेषाही स्पष्ट दिसतात.

तथापि या भाकऱ्या पाहून नुसतें हळहळणें पुरेसें नाहीं. त्यांचें पीठ कोणी दळलें हेंही विचारावयास हवें. २०२३ सालीं उजेडांत आलेल्या एका भट्टीच्या खोलीस बाहेर जाण्याची वाट नव्हती, व लहान खिडक्यांस लोखंडी गज होते. तेथें गाढवें व गुलाम माणसें एकाच जात्याभोंवतीं फिरत. चित्रांकित दिवाणखान्याचें वैभव अशा खोल्यांतून येत होतें. कोणत्याही मोठ्या कुटुंबाची कसोटी त्याच्या दिवाणखान्यावरून लागत नाहीं, ती माजघरामागच्या खोलीवरून लागते, हें आमच्या वाचकांस वेगळें सांगावयास नको.

हजाराहून अधिक मनुष्यांचे अवशेष आजवर येथें मिळाले आहेत. देह कुजून राखेंत ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत प्लॅस्टर ओतून १८६३ पासून फिओरेली या अधिकाऱ्यानें त्या मृतांच्या आकृति घेतल्या. त्यांच्यापुढें उभें राहिलें असतां मन आपोआप गोष्ट रचूं लागतें. एका घरांत मूल कवटाळलेली आई म्हणून जी व्यक्ति पिढ्यान्‌पिढ्या दाखविली गेली, ती पुरुष होती व त्या मुलाशीं तिचें रक्ताचें नातें नव्हतें, असें २०२४ सालच्या जनुकपरीक्षेनें ठरविलें. गोष्ट खोटी ठरली, पण आम्हांस ती थोर झालेली वाटते. कारण परक्याचें लेंकरूं अंतकाळीं कोणाच्या तरी अंगाशीं होतें, एवढें त्यांतून उरतेंच.

या नगराशीं महाराष्ट्राचाही एक धागा जडला आहे. १९३८ सालीं एका घरांत सुमारें २५ सेंटिमीटर उंचीची, अलंकारांनीं मढलेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. प्रथम तिला लक्ष्मी म्हटलें गेलें. आतां बरेच अभ्यासक तिला यक्षी समजतात. ती नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. तिच्याशीं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ति मराठवाड्यांत भोकरदन व तेर येथें मिळाल्या आहेत. तेर म्हणजे ग्रीक प्रवासवृत्तांतांतील तगर. तेथील माल पैठणच्या वाटेनें भडोचच्या बंदरास जाई. तेव्हां जो हात हा दांत कोरीत होता तो गोदाकांठचाच असणें असंभवनीय नाहीं.

राखेनें जें जपलें तें उघड्यावर टिकविणें कठीण आहे. १९४३ सालीं युद्धांतील बाँब येथें पडले. २०१० च्या नोव्हेंबरांत मल्लांच्या शाळेची म्हणून ओळखली जाणारी इमारत पावसाळी दिवसांत कोसळली, आणि जगभर ओरड झाल्यावर दुरुस्तीचें मोठें काम हातीं घेण्यांत आलें. २०२४ च्या नोव्हेंबरपासून एका दिवशीं वीस हजारांहून अधिक प्रेक्षकांस आंत सोडीत नाहींत. जाणाऱ्यानें संपूर्ण दिवस राखून ठेवावा, उन्हाची तजवीज करावी, भिंतीस हात लावूं नये, आणि एक खडाही खिशांत घालूं नये. दुसऱ्याच्या घरीं आपण जसे वागतों तसें वागावें, म्हणजे झालें.

आणि परत आल्यावर आपल्याकडील जुन्या गांवांच्या पांढरीकडेही एकदां पाहावें. धाब्यावर टाकावयास किंवा भिंती लिंपावयास ती माती खणून नेण्याची चाल आपल्यांत फार जुनी आहे. तिच्या प्रत्येक टोपलींत कोणाच्या तरी चुलीची राख असते. आपल्याकडे ती झांकून ठेवण्यास ज्वालामुखी आला नाहीं; म्हणून तें काम आपल्यालाच करणें प्राप्त आहे.