मोटारसायकलचे तेल बदलताना

म्हैसूरच्या यादवगिरीतील आयडियल जावाच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत बाहेर पडलेल्या जावा आणि येझदी या गाड्या दोन-स्ट्रोकच्या होत्या. इंजिनाचे तेल पेट्रोलमध्ये मिसळावयाचे आणि ते जळून जावयाचे. गिअर व क्लचसाठी वेगळे तेल. तेथून जवळच असलेल्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत आज दिसणाऱ्या बहुतेक मोटारसायकली मात्र चार-स्ट्रोकच्या आहेत. त्यांत एकच तेल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांची सेवा करते. सिंथेटिक तेलाकडे वळू इच्छिणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे.

क्लचच्या तबकड्या तेलात बुडालेल्या असतात आणि त्यांचे काम घर्षणावर चालते. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. असे महागडे तेल मोटारसायकलमध्ये ओतल्यास क्लच घसरू शकतो. इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ हे जपानी मानक पाहावे. ‘एमबी’ हे गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असते.

सिंथेटिक तेलाचे रेणू बऱ्याच अंशी एकसारखे असल्याने ते थंडीत लवकर वाहते आणि उष्णतेत उशिरा खराब होते. ‘१० डब्ल्यू-३०’ मधील पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणा दर्शवितो, दुसरा तापलेल्या तेलाचा दाटपणा. हा दर्जा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेलाच असावा; ‘सिंथेटिक’ हा शब्द त्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय खनिज तेलावर कठोर प्रक्रिया करून बनविलेले तेलही याच नावाने विकले जाते!

म्हैसूरची थंडी सौम्य. घर ते कारखाना असा चार-पाच किलोमीटरचा फेरा करणाऱ्यास जादा किमतीचा पुरेपूर मोबदला मिळेलच असे नाही, कारण इंजिन पुरते न तापल्याने तेलात पाण्याचा व पेट्रोलचा अंश साचतो आणि तेल कोणतेही असो, ते वेळेवर बदलावेच लागते. गुडलूरमार्गे उटीचा घाट वारंवार चढणाऱ्याची गोष्ट निराळी. वॉरंटी चालू असेपर्यंत मात्र पुस्तिकेतील मुदत कोणीही लांबवू नये.

खनिज तेलाचा थोडा अंश मागे राहिला तरी बिघाड होत नाही. जुन्या इंजिनात साचलेला गाळ सुटून झिजलेल्या सीलमधून गळती दिसू लागते, तेव्हा दोष बहुधा सीलचा असतो. तेल इंजिन कोमट असताना काढावे, गाळणीही बदलावी किंवा स्वच्छ करावी. काढलेले काळे तेल गटारात न ओतता बंद डब्यात भरून, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठविणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. हेब्बाळचा तलाव याच वसाहतीलगत आहे.