परमुलखातील स्कॉटलंड

मुंबईचे विल्सन महाविद्यालय आपणां सर्वांना ऐकून ठाऊक आहे. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते डॉ. जॉन विल्सन इंग्रज नव्हते, स्कॉटिश होते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. स्कॉटलंड हा देश लहानसा. पण त्याची माणसे कॅनडापासून न्यूझीलंडपर्यंत पसरली. परमुलखात गेल्यावर त्यांनी एकमेकांना शोधले ते कशाच्या आधाराने, हा प्रश्न मोठा मनोरंजक आहे.

ही माणसे बाहेर पडली ती सारीच हौसेने नव्हे. १७४६ साली कलोडनच्या लढाईत पराभव झाल्यावर डोंगराळ हायलंड्स भागातील जुनी कुळव्यवस्था मोडली. जमिनीचे खंड वाढले, पुढे जमीनदारांनी मेंढ्यांसाठी माणसे हुसकली. १७७३ मध्ये ‘हेक्टर’ नावाचे जहाज सुमारे दोनशे जणांना घेऊन नोव्हा स्कोशियातील पिक्टू बंदरास लागले. नोव्हा स्कोशिया म्हणजेच ‘नवे स्कॉटलंड’! न्यूझीलंडमध्ये १८४८ साली वसलेल्या डनीडनचे नाव तर एडिंबरोच्या गेलिक नावावरूनच घेतलेले आहे.

आरंभीच्या संस्था अगदी व्यवहारी होत्या. अमेरिकेत चार्ल्सटन येथे १७२९ साली सेंट अँड्र्यूज सोसायटी निघाली, ती अडलेल्या-नडलेल्यांना मदत करण्यासाठी. नृत्य, वाद्ये, मेजवान्या यांचा थाट नंतरचा.

या थाटात सर्वांत लोभसवाणी गोष्ट म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिवसाचे, २५ जानेवारीचे, भोजन. बर्न्स हा शेतकऱ्याचा मुलगा, बोलीभाषेत लिहिणारा. त्या रात्री बॅगपाइपच्या सुरांत हॅगिस हा पदार्थ मिरवत आणतात. मेंढीचे हृदय, यकृत व फुप्फुस बारीक करून, ओट, चरबी आणि कांदा घालून मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत शिजवलेला हा गरिबाघरचा प्रकार! त्याला उद्देशून बर्न्सने लिहिलेली कविता कोणीतरी हावभावांसह म्हणतो आणि योग्य ओळीला त्यात सुरी खुपसतो. शेवटी सारे हातात हात गुंफून गातात. एखाद्या लोकसमूहाने सेनापतीऐवजी कवीच्या नावाने जेवायला जमावे, याचे मला राहून राहून कौतुक वाटते.

दुसरे मोठे निमित्त हायलंड खेळांचे. नोव्हा स्कोशियातील अँटिगोनिश येथे ते १८६३ पासून चालत आले आहेत. अमेरिकेत ग्रँडफादर माउंटन येथे १९५६ पासून भरतात. मैदानावर कुळाकुळांचे तंबू असतात. आपल्या आडनावाचा तंबू शोधायचा, आत जायचे, की अनोळखी माणसे आपलेपणाने विचारपूस करू लागतात. प्रत्येक कुळाचे चौकटीचे कापड, म्हणजे टार्टन, निराळे.

गंमत अशी की, ‘प्रत्येक कुळाचे ठरलेले टार्टन’ ही कल्पना वाटते तितकी प्राचीन नाही. कलोडननंतर हायलंडच्या पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. आणि १८२२ साली चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला आला तेव्हा वॉल्टर स्कॉटने घडवलेल्या समारंभामुळे टार्टनला खरी प्रतिष्ठा लाभली. इतिहासकार याची थट्टा करतात. मला ती पुरतेपणी पटत नाही. परंपरा अलीकडची असली तरी तंबूत झालेली ओळख खोटी कशी ठरावी?

खरी हानी झाली ती निराळीच. कापड टिकले, भाषा ओसरली. नोव्हा स्कोशियात एके काळी हजारो घरांत गेलिक बोलत. पण शाळा इंग्रजी, नोकरी इंग्रजी, आणि आईबापांनाच वाटू लागले की मुलांना गेलिक शिकवून काय उपयोग? किल्ट एका सकाळी चढवता येतो, भाषेचे तसे नाही.

ही उणीव ओळखून केप ब्रेटन बेटावर सेंट अ‍ॅन्स येथे १९३८ साली गेलिक कॉलेज निघाले. २००६ मध्ये प्रांतिक सरकारनेही गेलिकसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापले. तेथील एक जुनी रीत पुन्हा शिकवली जाते. नव्या विणलेल्या लोकरी कापडाला घट्टपणा यावा म्हणून ते ओले करून, लांब टेबलाभोवती बसून तालात आपटायचे आणि गेलिक गाणी म्हणायची. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखेच हे श्रमाचे गाणे. एकाने कडवे म्हणायचे, इतरांनी धृपद धरायचे. येथे आडनाव विचारायचे कारण पडत नाही. कापडाचा काठ धरावा, शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहत शब्द उचलावेत आणि चुकले तर पुढच्या फेरीला सुधारून घ्यावेत.